नोंदवहीत आधी नत्र लिहा

या वेळी शेतकऱ्यांकडून आलेल्या प्रश्नांचा सूर जवळपास एकच आहे. माल घेणारा आता मालाची प्रत आणि वजन पाहून थांबत नाही, तो पिकवला कसा हेही विचारतो. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचा माल घेणाऱ्या प्रक्रिया कंपनीने यंदापासून खत, डिझेल आणि पाण्याची नोंद मागितली आहे. कंपनीच्या पर्यावरणाच्या हिशेबाशी आमच्या शेताचा काय संबंध?

कंपन्या आपल्या हरितगृह वायूंचा हिशेब तीन भागांत मांडतात. स्वतःच्या बॉयलरचा आणि गाड्यांचा धूर हा पहिला भाग, विकत घेतलेली वीज हा दुसरा. कच्च्या मालापासून ग्राहकाच्या हातापर्यंतचे बाकी सगळे तिसऱ्यात येते. अन्नप्रक्रिया कंपनीचा मोठा वाटा या तिसऱ्या भागात, म्हणजे शेतात असतो. कारखान्याच्या छपरावर सौर पॅनेल बसवून तो कमी होत नाही, म्हणून ते तुमच्याकडे आले आहेत.

नोंद मागितली की बहुतेक जण आधी डिझेलचा विचार करतात, कारण धूर डोळ्यांना दिसतो. जरा आकडेमोड करू. १०० किलो नत्र (नायट्रोजन) म्हणजे सुमारे २१७ किलो युरिया. जमिनीत टाकलेल्या नत्रापैकी साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात हवेत जातो, असे हिशेबासाठी धरतात. म्हणजे १ किलो नत्र उडाला, आणि त्याचा वायू झाला सुमारे १.५७ किलो. १०० वर्षांच्या मापाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो. गुणाकार केला की जवळपास ४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम येतो. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ते १०० किलो नत्र साधारण १६० लिटर डिझेलच्या बरोबरीचे झाले, आणि यात खत कारखान्यात बनवताना लागलेले इंधन अजून धरलेलेच नाही.

म्हणून नोंदवहीत पहिला रकाना नत्राचा ठेवा. तारीख, प्लॉट, खताचे नाव, किलो, वरून पसरले की मातीआड केले, आणि त्यानंतर पाणी किंवा पाऊस कधी आला एवढे लिहिले तरी पुरे. शेवटच्या दोन गोष्टी कंपनी बहुधा विचारणार नाही, पण त्या तुमच्याच कामाच्या आहेत. ओलसर मातीवर फेकलेला युरिया उघडा राहिला, तर मातीतले युरिएज हे विकर (एन्झाइम) त्याचा अमोनिया करते आणि तो उडून जातो. तोच युरिया मातीआड गेला किंवा लगेच हलके पाणी मिळाले तर बराचसा वाचतो. पाणी तुंबलेल्या जमिनीत मात्र खत देऊ नका, नायट्रस ऑक्साइड तिथे जास्त तयार होतो.

पाण्यासाठी मीटर नसेल तर २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते पाहा. २० सेकंदांत भरला तर तासाला ३६ घनमीटर झाले. पुढे फक्त पंपाचे तास लिहीत जा. डिझेलचे लिटर लिहा, रक्कम लिहू नका, दर बदलत राहतात. आणि वहीची एक प्रत स्वतःजवळ ठेवाच. मी अनेक चांगल्या शेतकऱ्यांच्या नोंदी केवळ दुसऱ्याच्या संगणकात राहिल्यामुळे हरवलेल्या पाहिल्या आहेत.

प्रश्न : मग रासायनिक खत यंदापासून एकदम बंदच केले तर?

तसे करू नका. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र असतो साधारण अर्धा टक्का. १०० किलो नत्रासाठी २० टन शेणखत लागेल, आणि त्यातलाही पहिल्या हंगामात पिकाला मिळणारा भाग थोडाच. बाकीचा पुढच्या हंगामांत हळूहळू सुटतो. एका वर्षात सगळे बंद केलेत तर उत्पादन पडेल. उत्पादन पडले की प्रत्येक किलो मालामागचा हिशेब उलट वाढतो, आणि कंपनी तोच आकडा पाहते.

आधी माती तपासा आणि गरजेपेक्षा जास्तीचे खत कापा. नत्र दोन-तीन हप्त्यांत, पिकाला लागेल तेव्हा द्या. फेरपालटीत एक कडधान्य बसवा, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र फुकट बांधतात. शेणखताचा खरा उपयोग जमीन भुसभुशीत करण्यात आणि ओल धरून ठेवण्यात आहे. त्याला खताच्या पोत्याचा पर्याय समजले की निराशा पदरी पडते.

प्रश्न : धसकटे जाळू नका म्हणता, पण गाडली की पुढचे पीक पिवळे पडते.

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. तृणधान्याच्या काडात कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ८० ला १ असते. कुजवणाऱ्या जिवाणूंना २५ ला १ च्या आसपास लागते. कमी पडलेला नत्र ते मातीतून उचलतात आणि रोपाच्या वाट्याला काही काळ काही येत नाही. तो नत्र वाया जात नाही, जिवाणू मेले की परत सुटतो. उपाय वेळेचा आहे. काड तुकडे करून पेरणीच्या निदान तीन आठवडे आधी वाफशावर, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी असताना, मातीत मिसळा आणि पुढच्या पिकाच्या एकूण नत्रातलाच थोडा भाग तेव्हा द्या. वरून जादा नको. घाई असेल तर काड आच्छादन म्हणून वरच राहू द्या.

जाळलेत तर काडातला जवळपास सगळा कर्ब आणि बहुतांश नत्र धुरात जातो. एक टन भाताच्या काडात १२ ते १७ किलो पालाशही (पोटॅशियम) असते. त्यातले बरेच राखेत उरते खरे, पण राख वाऱ्यापावसाने बांधापलीकडे गेली की तेही गेले.

प्रश्न : भाताच्या खाचरात पाणी कमी ठेवा असा सल्ला मिळाला. पीक वाळणार नाही का?

खाचरात सतत पाणी साठले की माती हवेवाचून राहते आणि तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. मध्ये मध्ये पाणी उतरू दिले की ते थांबते. योग्य रीतीने केल्यास मिथेन सुमारे ३० ते ५० टक्के कमी होतो आणि पाणीही बरेच वाचते. अंदाजाने मात्र करू नका. ३० सेंटिमीटर लांबीचा पाइप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला भोके पाडा आणि तो भाग खाचरात पुरा. आतली माती काढून टाका म्हणजे पातळी दिसेल. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेले की पुन्हा ५ सेंटिमीटर भरा. लावणीनंतर पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याच्या आधी-नंतर एक एक आठवडा पाणी उतरू देऊ नका. ज्यांनी वरचे काडाचे उत्तर वाचले त्यांच्यासाठी : ताजे काड गाडून लगेच खाचर भरले तर मिथेन उलट वाढतो.

प्रश्न : आपोआप विरघळणारा मल्चिंग पेपर (जमिनीवर अंथरायचे प्लॅस्टिक) घ्यावा का?

‘ऑक्सो’ लिहिलेला घेऊ नका, त्याचे नुसते बारीक तुकडे होतात. युरोपीय संघाने असे प्लॅस्टिक २०२१ मध्ये बंद केले. ‘मातीत विघटनशील’ असे प्रमाणपत्र, उदाहरणार्थ ईएन १७०३३ या युरोपीय मानकाचे, असेल तरच विचार करा. त्यात दोन वर्षांत ९० टक्के विघटनाची अट आहे.

प्रश्न : जमिनीतला कर्ब वाढवा, त्याचे पैसे देऊ, असा दहा वर्षांचा करार एका एजन्सीने समोर ठेवला आहे. सही करावी का?

आधी गणित पाहा. एक हेक्टर जमिनीचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे १,९५० टन भरतो. त्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला तर जवळपास दोन टन कर्ब, म्हणजे सुमारे सात टन कार्बन डायऑक्साइड. एवढे वाढायलाही अनेक वर्षे लागतात. आणि ०.१ टक्क्याचा फरक एकाच शेतातल्या दोन कोपऱ्यांतही सापडतो. म्हणून मोजणी कशी होणार, किती नमुने, किती खोलीपर्यंत, खर्च कोणाचा हे करारात लिहिलेले हवे. दुष्काळामुळे किंवा एकदा खोल नांगरट करावी लागल्याने कर्ब घटला तर पैसे परत मागणार का? शेत विकले किंवा वाटणी झाली तर करार कोणावर येतो?

एक प्रश्न मात्र दोघांना विचारा, एजन्सीलाही आणि माल घेणाऱ्या कंपनीलाही : हा कर्ब कोणाच्या खात्यात लागणार? कंपनी तो स्वतःच्या हिशेबात धरत असेल तर एजन्सीला तोच तिसऱ्याला विकता येणार नाही. दोघांची लेखी उत्तरे जुळली नाहीत तर सही थांबवा. तोवर स्वतःच्या खर्चाने एक काम करून ठेवा : ठरावीक जागांचे, ठरावीक खोलीचे नमुने पीक निघाल्यावर घ्या, सेंद्रिय कर्बाबरोबर मातीची घनताही तपासून घ्या आणि जागा नकाशावर खुणा करून ठेवा. पुढे करार झाला तर सुरुवातीचा आकडा तुमच्या हातात असेल.