पुराच्या पाण्यात रात्रभर सीटपर्यंत बुडून उभी असलेली गाडी स्टार्ट करून बघू का?

अजिबात नको भावा, चावी ऑनसुद्धा करू नकोस. सीटपर्यंत पाणी आलं होतं म्हणतोस म्हणजे एअर फिल्टरमधून इंजिनात पाणी गेलं असायची शक्यता आहे, आणि हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं सेल्फ मारला की पिस्टन वर येताना पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग सगळं इंजिनच उघडायला लागतंय. २०१९ च्या पुरात आमच्या मामांनी कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळ "एकदा बघूया तरी" म्हणून सेल्फ मारला आणि तिथंच खेळ खल्लास.

आधी बॅटरीची काळी वायर काढ. धुवायची घाई नको, आतबाहेर पाणी कुठवर आलं त्याच्या खुणांचे फोटो व्हिडिओ काढ, मग इन्शुरन्सवाल्यांना फोन. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही, फुल असेल तर पुराचं नुकसान धरतात, पण पाण्यात स्टार्ट करून इंजिन गेलं तर इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन (इंजिनासाठी वेगळं घ्यायचं जादा कव्हर) नसताना बऱ्याचदा हात वर करतात. गाडी टो करूनच न्यायची, ऑटोमॅटिक असेल तर चारी चाकं उचलणारी फ्लॅटबेडच सांग.

मॅट, कार्पेट काढून वाळव नाहीतर वास महिनाभर जाणार नाही (मामांची अजून मारते!). आणि पुढच्या वेळी राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३९ फूट (इशारा पातळी) झालं की गाडी उंचावर नेऊन लाव, ४३ ची (धोका पातळी) वाट बघत बसू नको.