चाकं मोठी केली, आता डिफरन्शियल बदलू का?

सोलापूरजवळच्या एका पिकअपवाल्या वाचकाचं पत्र आलंय. वय ३४. घरी आई, बायको, दोन मुलं. गाडी २०२२ ची, कर्जावर घेतलेली, स्वतःच चालवतात. पावसाळ्यात मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात माल भरताना गाडी रुतायची, म्हणून चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी मूळचे २१५/७५ आर १५ टायर काढले आणि ३१ इंची टायर रिमसकट बसवले. तेव्हापासून भरलेली गाडी तुळजापूरच्या घाटात ओढत नाही, क्लच प्लेट वर्षात गेली आणि अ‍ॅव्हरेज साडेबारावरून पावणेअकरावर आलं. मिस्त्री म्हणतो, क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली, मागची चाकं फिरवणारी दातेरी जोडी) बदला, ६० हजार लागतील. त्यांचा प्रश्न असा: ४.५६ चा सेट घ्यावा की ४.८८ चा? आणि डिझेलचे महिन्याला साडेतीन हजार वाचले तर दीड वर्षात पैसे फिटतील ना?

पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलेल्या दोन ओळी आहेत. ‘पुढच्या महिन्यात गाडीचा विमा संपतोय. एजंट म्हणतो फक्त थर्ड पार्टी काढा, ११ हजार वाचतील, ते गिअरला घालतो. माझी ४८ हजारांची पॉलिसी चालू आहेच, त्यामुळे विम्याची काळजी नाही.’ या ओळी वाचल्या आणि मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

भाऊ, आधी तुमचं गिअरचं बघू. तुमच्या गाडीचा मूळ रेशो ४.३, म्हणजे पिनियनच्या १० दातांना क्राऊनचे ४३. जुना टायर उभा मोजला तर ७० सेंटिमीटर, नवा ७९. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि त्याच प्रमाणात ओढायचं बळ कमी होतं. ते भरून काढायचं तर ४.३ ला ७९ ने गुणायचं आणि ७० ने भागायचं. उत्तर येतं ४.८५. त्याच्या जवळ ३९ ला ८ दातांचा सेट बसतो, तोच ४.८८. ४१ ला ९ चा ४.५६ घेतलात तर निम्मंच दुखणं जाईल. म्हणजे मिस्त्रीला द्यायचं उत्तर ४.८८. पण तो सेट घेऊ नका.

कारण तुमचं साडेतीन हजारांचं गणितच चुकलंय. मीटर अजून जुन्याच चाकाच्या हिशेबाने किलोमीटर मोजतोय. तो १०० दाखवतो तेव्हा गाडी ११२ धावलेली असते. म्हणजे तुमचं खरं अ‍ॅव्हरेज पावणेअकरा नाही, बाराच्या आसपास आहे. घट झाली ती अर्ध्या किलोमीटरची. महिन्याला मीटरवर ३,००० म्हणजे खरे ३,३६० किलोमीटर. साडेबाराने २६९ लिटर लागले असते, बाराने २८० लागतात. फरक ११ लिटरचा, फार तर हजार रुपयांचा. साठ हजार फिटायला पाच वर्षं लागतील. तेही सगळं परत येणार नाही, कारण रुंद आणि जड टायरला जे जास्त डिझेल लागतं ते कोणताही रेशो परत देत नाही.

याच मीटरने तुमचं दुसरीकडे जास्त नुकसान केलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं भाडं तुम्ही किलोमीटरवर लावता, १८ रुपयांनी, महिन्याला साधारण १,२००. गाडी प्रत्यक्षात १,३४० धावते. १४० किलोमीटर तुम्ही दर महिन्याला फुकट चालवताय, अडीच हजार रुपयांचे. चौदा महिन्यांत ३५ हजार झाले. क्लच प्लेटचा खर्च तुम्ही पैशापर्यंत लिहून पाठवलात, पण हे ३५ हजार पत्रात कुठेच नाहीत.

ब्रेकचंही तसंच. मोठ्या चाकाला थांबवायला त्याच ब्रेकला जास्त जोर लागतो आणि तो क्राऊन-पिनियन बदलून मिळत नाही. दीड टन कांदा भरून घाट उतरताना हे आठवा. शिवाय क्राऊन आणि पिनियन एकमेकांना घासून जुळवलेली जोडी असते. भंगारातून वेगवेगळे उचलून बसवले, किंवा सेटिंग केसभर चुकलं, तर हौसिंग आधी गुणगुणतं, मग बेअरिंग खातं. असा साठ हजारांचा सेट वर्षात पुन्हा उघडावा लागलेला माणूस मला माहीत आहे.

जुने रिम गच्चीवर पडलेत असं तुम्हीच लिहिलंय. ते उतरवा. मूळ मापाचे चार चांगले टायर अठ्ठावीस-तीस हजारांत येतील. मागच्या दोन चाकांना त्याच मापात मोठ्या नक्षीचे घ्या, रानातला प्रश्न बराचसा तिथेच सुटेल. ३१ इंची सेट रिमसकट विका, चौदा महिने वापरलेल्या सेटचे तीसेक हजार यायला हरकत नाही. खिशातून जवळजवळ काही न जाता घाट, क्लच, मीटर आणि ब्रेक चारही गोष्टी जागेवर येतात. दर दोन वर्षांनी फिटनेस तपासणीला गाडी नेताना आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर उभं राहतानाही टायर मूळ मापाचे असलेले बरे. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवलेला नसला तर दावा अडतो किंवा कापला जातो.

आता त्या शेवटच्या दोन ओळींचं, ज्यांच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याला मिळणारे पैसे. तुमची गाडी जळली, चोरीला गेली, पुलावरून खाली गेली तर त्यातून तुम्हाला एक रुपया मिळत नाही. गाडीवर ५ लाख ३० हजारांचं कर्ज बाकी आहे, हप्ता १७,९००, अजून ३६ महिने. गाडी गेली तरी हे ३६ हप्ते जात नाहीत. कर्जाच्या करारात पूर्ण विमा ठेवण्याची अट असते ती वेगळीच, करार काढून बघा. ११ हजार वाचवण्याची ही जागा नव्हे, आणि हा सल्ला देणाऱ्या एजंटचं त्यात काही जाणार नाही, सगळं तुमचंच जाईल.

आणि ती ४८ हजारांची पॉलिसी, म्हणजे वर्षाला ४८ हजार हप्त्याचा बचतीचा आयुर्विमा. कर्ज मंजूर होताना ‘ही घ्यावीच लागते’ म्हणून ती तुमच्या गळ्यात घातली. बचतीची पॉलिसी घेण्याची अशी सक्ती कर्जासाठी करता येत नाही. दहा वर्षं हप्ते, वीस वर्षांनी पैसे, विमा रक्कम ४ लाख ८० हजार. ‘अकरा लाख मिळतील’ हे तोंडी सांगितलेलं, पॉलिसीच्या कागदावर ते आहे का ते बघा. मिळाले असं धरलं तरी ४ लाख ८० हजार भरून इतक्या वर्षांनी अकरा लाख म्हणजे वर्षाला साडेपाच टक्के. गाडीच्या कर्जाला तुम्ही १३ टक्के मोजताय. तिसरा हप्ता तर वहिनींचं गंठण पतसंस्थेत ठेवून ४० हजार उचलले आणि भरला. १२ टक्क्यांनी आणून साडेपाच टक्क्यांवर ठेवायचे, आणि त्याला बचत म्हणायचं! ज्यांनी तुमच्या पुढ्यात हा कागद ठेवला त्यांनी तुमचा हप्ता, घरखर्च, उत्पन्न यांची बेरीज एकदा तरी करायला हवी होती. ४५ हजार येतात. १८ हजार गाडीला, २२ हजार घराला, ४ हजार या पॉलिसीला. उरतात हजार. म्हणून क्लच प्लेट भिशीतून आली.

उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पॉलिसीचे ४ लाख ८० हजार आणि थोडाफार बोनस येईल, आणि फायनान्सवाला ५ लाख ३० हजार मागेल. आई, वहिनी आणि मुलांना राहील गाडी, चालवायला माणूस नसलेली. हे लिहायला जड जातंय, पण मी ते डोळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. तीन पॉलिसींचे गुळगुळीत कागद आणि त्यांच्यामध्ये फायनान्स कंपनीची नोटीस. नवरा टेम्पो चालवायचा, वर्षाला साठ हजार हप्ते भरायचा. तिन्ही मिळून विमा निघाला साडेतीन लाखांचा. त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, ‘एवढे भरले होते ना?’

तुम्हाला हवा आहे साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा, ५० लाखांचा, साठीपर्यंतचा. वयाच्या चौतिसाव्या वर्षी वर्षाला आठ ते दहा हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय. मावा-तंबाखू खात असाल तर फॉर्मवर तसं लिहा, हप्ता वाढेल, वाढू द्या. लपवलंत तर दावा अडेल आणि भांडायला तुम्ही नसाल.

एक अडचण येईल. तुमचा करवाला गृहीत उत्पन्नाच्या पद्धतीने लहान मालवाहू गाडीमागे महिना ७,५००, म्हणजे वर्षाला ९० हजार दाखवतो. विमा कंपनी तो आकडा बघते आणि ५० लाख द्यायला कचरते. त्या पद्धतीत जास्त उत्पन्न दाखवायला बंदी नाही. तुमचं खरं उत्पन्न साडेपाच लाखांच्या आत आहे आणि नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत कर शून्य आहे. खरा आकडा दाखवून तुमचा कर वाढत नाही.

टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी सोडू नका. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात काम होतं. मग शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज बंद केली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर शेवटी किती. तीन हप्त्यांनंतर बंद केल्यास भरलेल्या १ लाख ४४ हजारांपैकी साधारण ३५ टक्के, म्हणजे ५० हजार हातात येतील. पेड-अप ठेवलीत तर सतरा वर्षांनी १ लाख ४४ हजार आणि जमा झालेला बोनस. ९४ हजार बुडाले हे बघून पेड-अपकडे मन ओढेल. पण ५० हजारांचे सतरा वर्षांनी १ लाख ४४ हजार म्हणजे साडेसहा टक्के, आणि गंठण १२ टक्क्यांवर पडलंय. मी बंद करायला सांगेन. चाळीस हजार पतसंस्थेत भरा, उरलेले दहा टर्मच्या पहिल्या हप्त्याला होतील.

दरवर्षीचे ४८ हजार मोकळे होतील. त्यातून गाडीच्या पूर्ण विम्याचे थर्ड पार्टीच्या वरचे ११ हजार. तो काढताना मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा त्यात आहे का ते स्वतः बघा. टर्म दहा हजार. बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. पाच लाखांचा कुटुंबाचा आरोग्य विमा पंधरा-सोळा हजारांत बसेल, आईंचा वेगळा बघावा लागेल. तरी अकरा-बारा हजार राहतात, ते टायर आणि क्लचसाठी वेगळ्या खात्यात टाका.

टॉवेल कारखान्याकडे मागचे ३५ हजार मागू नका, मिळणार नाहीत आणि भाडं जाईल. मात्र जुने टायर चढेपर्यंतची बिलं मीटरच्या आकड्याला १.१२ ने गुणून लावा, आणि का ते त्यांच्या माणसाला आधी सांगून ठेवा. गाडीच्या विम्याची तारीख पहिली येते. एजंटला आजच फोन करून पूर्ण विम्याचं कोटेशन मागवा.