वाटा, भाग आणि ताटातला भात

प्रश्न वेंगुर्ल्याकडच्या एका मच्छीमार सोसायटीच्या सचिवांचा आहे. वार्षिक अहवालाच्या मसुद्यात त्यांनी 'लाभार्थी सभासद' असं लिहिलं, आणि रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याच्या, कमाईतून माणसांना जे मिळतं त्याला 'लाभांश' म्हटलं. एका सभासदाने दोन्ही शब्दांना हरकत घेतली. तर बरोबर कोण?

हरकत घेणारा. त्याला माझा नमस्कार सांगा.

पहिल्या पावसानंतर टाकळा उगवावा तसा 'लाभार्थी' हल्ली कुठेही उगवतो. घरकुलाच्या यादीत, बियाण्याच्या वाटपात, मोतीबिंदूच्या शिबिरात. तिथे असू दे. पण जो स्वतः शेअर घेऊन संस्थेत आला, वार्षिक सभेत ज्याचं मत मोजलं जातं, तो लाभार्थी कसा? विद्यार्थी विद्या मागतो, शरणार्थी आसरा मागतो, तसा लाभार्थी लाभ मागतो. 'अर्थी' म्हणजे इच्छा धरून दारात उभा असलेला. सभासद दारात उभा नसतो, तो सभेत बसलेला असतो. 'सद्' म्हणजे बसणे, शब्दातच तसं लिहिलंय. एवढ्यावर पहिला प्रश्न संपला.

आता वाटा. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन्हीकडे माणसं रांगेने दोराला लागतात आणि मागे मागे सरत ओढतात. जाळं एका मालकाचं नसतं, अनेकांनी आपापला तुकडा जोडून केलेलं असतं. पाण्यातून बांगडे, तारली, पेडवे काय येईल ते येतं, आणि हिशेब होतो तो वाट्यांचा. जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा, राबणाऱ्या माणसाचा वेगळा. जास्त मिळालं तर सगळ्यांना जास्त, जाळं रितं आलं तर सगळे रिते. 'माझो वाटो खंय?' हा प्रश्न किनाऱ्यावर कोणीही ताठ मानेने विचारतो. 'माझा लाभ कुठे?' असं विचारणारा मी तरी पाहिलेला नाही.

'वाटा' हा 'वाट' या शब्दापासून आला, ज्याने त्याने आपापल्या वाटेने न्यावा तो वाटा, असं व्युत्पत्तीवर व्याख्यानं देत फिरणारे एक गृहस्थ सांगतात. टाळ्याही घेतात. त्यांनी एकदा सावंतवाडीच्या खाली उतरून गोव्याच्या बाजूला जावं. तिथे 'वांटो' ऐकू येतो, नाकातून, स्पष्ट. हिंदीत 'बाँटना'. आपल्याकडेही जुन्या छपाईत 'वांटा', 'वांटणी' असंच असायचं. 1962 च्या लेखननियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढले तेव्हा डोक्यावरचं टिंब गेलं. हे टिंब संस्कृत 'वण्ट'मधल्या 'ण्'चं आहे. 'वाट' आली 'वर्त्मन्'वरून, तिथे अनुनासिक नाही, म्हणून हिंदीतही 'बाट' कोरडीच. व्याख्यानातल्या टाळ्यांनी टिंब उडत नाही.

माझा स्वतःचा एक तर्क आहे, आणि तो मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. मासळीबाजारात कोळीण मांदेली, करंदी, कोळंबी यांचे छोटे छोटे ढीग लावून बसते आणि 'शंभराला वाटा' म्हणते. तिथे वाटणी कसली? विक्री आहे. मग ढिगाला 'वाटा' का? माझ्या मते हा शब्द वाळूवरून बाजारात आला. वाळूवर आधी ढीग पडत, ढीग म्हणजेच ज्याचा त्याचा वाटा. पुढे तोच ढीग पाटीतून बाजारात गेला आणि नाव सोबत घेऊन गेला. देशावर भाजीचेही वाटे लावतात, मग तुमची वाळू कुठे राहिली, असं मला ऐकवलं गेलंय. खळ्यावरही ढीग पडतातच की. तर्क मागे घेत नाही.

पण खरी गंमत 'भाग' या शब्दात आहे, आणि खरं म्हणजे हे लिहायला बसलो तो त्याच्यासाठीच. धातू 'भज्', म्हणजे वाटून देणे, वाट्याला येणे. त्यातून भाग. वाट्याला येतं ते भाग्य. वाटून वेगळं झालेलं ते विभक्त. ऋग्वेदातल्या दुसऱ्या मंडळाच्या सत्ताविसाव्या सूक्तात आदित्यांची नावं येतात: मित्र, अर्यमा, भग, वरुण, दक्ष, अंश. सहांतले दोन देव, भग आणि अंश, नावानेच वाटा! संपत्ती आभाळातून पडते ती वाटूनच पडते, अशी त्या लोकांची समजूत दिसते. तुमच्या 'लाभांशा'तला अंश तोच, हे हिशेबनिसाला सांगून बघा.

आणि त्याच 'भज्'चं रूप 'भक्त'. भक्त म्हणजे देवाचा, हे सगळ्यांना ठाऊक, सोडून देतो. त्याआधीचा अर्थ वाटून दिलेलं, आणि मग वाटून दिलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ. भक्त, प्राकृतात भत्त, मराठीत भात. सप्तचा सात झाला, हस्तचा हात झाला, तसाच. म्हणजे दुपारी पानात पडतो तो भात मुळात वाटा आहे. देशावर शेतातल्या पिकाला साळ म्हणतील. आपण कोकणात लावतो भात, कापतो भात, झोडतो भात आणि जेवतोही भातच. मध्ये गिरणीपुरता तेवढा तांदूळ.

यावरही एक विद्वान म्हणतात की भात हा शब्द पोर्तुगिजांनी आणला, कारण त्यांच्याकडे भाताला 'बाते' म्हणत. अहो, त्यांनी तो इथूनच उचलला! वास्को द गामा आला 1498 ला. पालीत 'भत्त' म्हणजे भात आणि जेवण, त्याला दोन हजार वर्षं होऊन गेली. सगळं काही गलबतातून उतरवायची ही हौस कधी जाणार? काजू घ्या, अननस घ्या, भाताला हात लावू नका.

'भत्ता'ही याच घरातला. 'त्त' जोडाक्षर शाबूत आहे म्हणजे मराठीच्या वळणाचा नाही, उत्तरेकडून आलेला. तेव्हा संचालक मंडळाचा बैठक भत्ता आणि रापणकाराचा भात हे नात्याने चुलत भाऊ. कोणाचा आकार वाढला ते ताळेबंदात बघावं.

या कुळात एक काळा शब्दही आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दासांचे सात प्रकार सांगितलेत, त्यांतला एक 'भक्तदास', म्हणजे पोटाच्या अन्नासाठी दास झालेला. धातू तोच, तांदूळही तोच. पण त्याला मिळायचं ते दुसऱ्याच्या हाताने, दुसऱ्याच्या मर्जीने. किती घालायचं हे ठरवताना त्याला कोणी विचारत नसे. 'लाभार्थी' शब्दाला माझा राग आहे तो इथून. भात दोघांच्याही पानात पडतो. वाटेकरी वाटे पडताना तिथे उभा असतो, भक्तदास नसतो.

कोकणाला हा फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार; त्याच्या जमिनीत कूळ राबायचं. अर्धेल म्हणजे भाताचा अर्धा हिस्सा खोताला, आणि वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरच्या नाचणी-वरीचा तिसरा, ती तिर्धेल. 'अर्ध'पासून अर्धेल, काय सुबक शब्द, आणि काय त्याखाली दडपलेलं! अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने 1933 मध्ये संप केला आणि 1939 पर्यंत जमिनी कसल्या नाहीत. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं. आपल्या कष्टाचा वाटा आपल्यासमोर ठरावा, यासाठी ही माणसं इतकी वर्षं अडून बसली. सहकाराचं पुस्तकी नाव त्यांनी घेतलं असेल नसेल, मुद्दा तोच होता. आणि त्यांच्या नातवंडांना आपण अहवालात 'लाभार्थी' छापतो.

(सगळ्या जुन्या वाटेकरी पद्धती गोड होत्या असंही समजू नका. गोव्यातली गावकरी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची व्यवस्था, पोर्तुगीज अमलातली कोमुनिदाद, हिचं कौतुक फार होतं. पण तिथला वाटा गावकर घराण्यातल्या पुरुषांचा. त्याच शेतात वाकून लावणी करणाऱ्या बाईचा नाही.)

हां, लाभांश राहिला. इथे व्युत्पत्ती बाजूला ठेवा, व्यवहार बघा. लाभांश मिळतो शेअरच्या रकमेवर, नफा झाला तर, सभेने मंजूर केला तर. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 67 प्रमाणे तो 15 टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. रापणीचा वाटा भांडवलावरचा नाही, तो ओढलेल्या दोराचा, जोडलेल्या जाळ्याचा आणि होडीचा आहे. त्याला टक्क्यांची मर्यादा कशी लावणार? अहवालात त्याला लाभांश म्हटलंत तर लेखापरीक्षक पहिल्याच पानावर पेन्सिल मारेल, आणि त्या वेळी मी त्याच्या बाजूने असेन. तेव्हा शेअरवर देता तो लाभांश, मासळीचा तो वाटा, आणि माणसं ती सभासद. 'वाटेकरी' लिहिलंत तर मला जास्त आवडेल, पण निबंधकांना चालेल का ते त्यांना विचारा.

आणि मसुद्यात पान उलटल्यावर 'लाभांशाचा वाटप झाला' असंही आहे. वाटप नपुंसकलिंगी. वाटप झालं.