गुरं, गुरू आणि शेपटीतलं 'रूप'

एका वाचकाने विचारलंय, की 'गुरं' हा शब्द 'गुरु' म्हणजे जड यावरून आला का, आणि गुरांत शेळ्यामेंढ्या धरायच्या का?

नाही आणि नाही. गाय, बैल, म्हैस, रेडा आणि त्यांची वासरं-पारडी एवढीच गुरं. शेरडं-मेंढरं वेगळी मोजतात.

मला छळतंय ते दुसरंच. 'वीज पडून एक गुरे दगावले.' एक गुरे? अहो, ते गुरू, ती गुरं. जसं ते वासरू, ती वासरं. नुसतं 'गुरू' लिहिलं तर मास्तर वाटतील या धास्तीने लोक एका जनावरालाही अनेकवचन लावतात. पूर्वी ही पंचाईत नव्हती. जनावर 'गुरूं' असं टिंब देऊन लिहीत. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी न उच्चारली जाणारी टिंबं काढली आणि कागदावर दोघं एक झाले. बोलण्यात मात्र आजही गल्लत नाही: गुराला पेंड घालतात, गुरूला नमस्कार करतात.

त्या टिंबातच उत्तर आहे. 'अंगाने जड म्हणून गुरू' असं ठासून सांगणाऱ्या पंडितांनी आधी सांगावं, की जड 'गुरु'मधून हे टिंब आणि नपुंसकलिंग आलं कुठून? आणि हत्तीला कुणी गुरू का म्हटलं नाही? मूळ शब्द आहे संस्कृत 'गोरूप'. प्राकृतात 'गोरूव', आपल्याकडे गोरूं, गुरूं. बंगालीत गाईबैलांना गोरूच म्हणतात, नेपाळीत गोरु म्हणजे बैल. भाषाशास्त्रज्ञ टर्नरच्या, भारतीय-आर्य भाषांतले शब्द शेजारी मांडणाऱ्या तौलनिक कोशात ही भावंडं शेजारी शेजारी उभी आहेत.

आता शेपटीकडे बघा. वासरू म्हणजे वत्सरूप. मेंढरू, पाखरू यांच्या मागेही तेच 'रूप', झिजून झिजून 'रू' झालेलं. हे रूप देखणेपणाचं नव्हे. गोरूप म्हणजे गाईच्या जातीचा एक जीव. कोकरू, शिंगरू याच वळणावर गेली आणि माझ्या मते लेकरूही. माझी आजी गोठ्यात धार काढायला बसली, की दाव्याला हिसडे देणाऱ्या वासराला म्हणायची, "थांब रे लेकरा." एका 'रू'ला दुसऱ्या 'रू'ची हाक! पोरालाही वासरापाखरांच्या ओळीत बसवणारी ही शेपटी मला मराठीतली सगळ्यांत मायाळू वाटते.

आणि गुराखी. 'गुरं राखणारा तो गुराखी' हे शाळेत शिकवतात, मला ते पटत नाही. तसं असतं तर 'गुरराखी' व्हायला हवं होतं, असं मला वाटतं. एक 'र' गेला कुठे? मी त्याला सरळ 'गोरक्ष'कडे नेतो. क्षचा ख होतो, जसं रक्षणचं राखण. गोरक्षनाथांचे गोरखनाथ झाले, तसाच गोरक्षाचा गुराखी झाला असावा. माझ्या मते त्यातला 'रा' राखणाऱ्याचा आहे, गुरांचा नाही.