व्हायोलिनचे पहिले काही महिने : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

नव्याने व्हायोलिन हातात घेतलेल्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती. ती सलग वाचताना लक्षात आलं की बहुतेकांना काळजी आहे ती डाव्या हाताची. कोणतं बोट कुठे ठेवायचं, स्वर कसा सापडेल, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) कधी जमेल, असं सगळं. तारेवर फिरवायच्या गजाबद्दल (बो), म्हणजे उजव्या हाताबद्दल, फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते सुरुवातीच्या बऱ्याचशा अडचणींचं मूळ मात्र तिथेच असतं. म्हणून उत्तरं देताना मी पुन्हा पुन्हा गजाकडे वळणार आहे.

प्रश्न : ताई, मी ४६ वर्षांचा आहे, बँकेत नोकरी करतो. आजवर एकही वाद्य हातात धरलेलं नाही, पण शास्त्रीय गाणं खूप ऐकलं आहे. या वयात व्हायोलिन येईल का, की हार्मोनियम घेऊ? (नाशिक)

येईल. इतकी वर्षं गाणं ऐकलंत, ती तुमची मोठी पुंजी आहे. हार्मोनियमची पट्टी दाबली की स्वर तयार मिळतो. व्हायोलिनला पडदे नाहीत की पट्ट्या नाहीत, त्यामुळे प्रत्येक स्वर कानाने शोधून बोटाखाली आणावा लागतो. ज्याचा कान तयार आहे त्याला आपलं बोट चुकल्याचं लगेच कळतं, आणि चूक कळली की ती सुधारता येते.

लहान मुलांपेक्षा तुमची बोटं आणि मनगट सैल व्हायला जास्त वेळ लागेल, हे मात्र खरं. पहिले तीन-चार महिने गाणं वाजवायची अपेक्षाच ठेवू नका. रोज अर्धा-पाऊण तास बसलात तर वर्षभरात एखादा साधा अभंग ऐकवण्याजोगा वाजतो, असा माझ्या विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे. आठवडाभर वाद्य पेटीत ठेवून रविवारी तीन तास बसणाऱ्याला हे जमत नाही.

आणखी एक सांगते. जे वाजवायचं ते आधी गा. आवाज चांगला नसला तरी गा. आपल्याकडे हे वाद्य वाढलं तेच गाण्याच्या मांडीवर. पं. गजाननबुवा जोशी गवईही होते आणि व्हायोलिनवादकही. पं. डी. के. दातार आणि डॉ. एन. राजम यांचं वादन गायकी अंगाचं म्हणूनच ओळखलं जातं. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना बोटांच्या करामतीपेक्षा गज कुठे वळतो, शब्द कुठे तुटेल तिथे तो कसा थांबतो, याकडे कान द्या.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकते. तिच्या आजोबांना वाटतं तिने नाट्यगीतं, भजनं वाजवावीत. दोन्ही पद्धती एकदम शिकवाव्यात का? (मडगाव)

एकदम नको. निदान पहिली दोन वर्षं तरी नको.

गोव्यात पाश्चात्त्य व्हायोलिन परकं नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जाई. त्या परंपरेतले वादक पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा कणा झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे तर लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल शिकले. त्यामुळे तुमची मुलगी जे शिकते आहे तेही तिथल्या मातीतलंच आहे, हे आजोबांना जरूर सांगा.

अडचण शरीराची आहे. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य खांदा आणि हनुवटी यांच्यामध्ये धरतात. हिंदुस्थानी पद्धतीत मांडी घालून बसायचं, उजवा पाय जरा पुढे घेऊन त्याच्या घोट्यावर वाद्याचं वळलेलं टोक, म्हणजे स्क्रोल, टेकवायचा आणि दुसरं टोक छातीला डावीकडे लावायचं. वाद्य दोन्हीकडून टेकलेलं असल्यामुळे डावा हात तारेवर वरखाली मोकळा घसरतो. लांब मींड सहज निघते ती या बैठकीमुळे. तारा जुळवण्याची रीतही वेगळी. तिकडे जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य स्वरांत. आपल्याकडे गुरूंच्या पद्धतीप्रमाणे सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा. नऊ वर्षांच्या मुलीच्या हाताला एकाच वेळी दोन घरं दाखवली तर तो कुठेच स्थिरावत नाही.

आजोबांसाठी एक मधला मार्ग आहे. आहे त्याच बैठकीत, आहे त्याच जुळणीत, त्यांनी तिला एखादं भजन गाऊन दाखवावं आणि तिने ते कानाने ऐकून वाजवावं. कागदाशिवाय वाजवायची सवय तिला कुठल्याही पद्धतीत उपयोगी पडेल.

प्रश्न : ऑनलाइन चार-साडेचार हजारांचं व्हायोलिन मागवलं. गज फिरवला तर आवाजच येत नाही. वाद्य सदोष आहे का? (पुणे)

बहुधा नाही. नव्या गजाच्या केसांना राळ लावलेली नसते, आणि राळेशिवाय केस तारेवरून नुसते घसरतात. सोबत आलेली राळेची वडी गुळगुळीत असेल तर तिच्यावर बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवा. पूड सुटू लागली की गज मुठीपासून टोकापर्यंत तिच्यावरून पुन्हा पुन्हा ओढा. पहिल्या वेळी याला चांगली पाच-दहा मिनिटं लागतात, नंतर रोज चार-पाच हात पुरतात. केसांना बोट लावू नका, त्वचेच्या तेलाने ते बाद होतात. वाजवून झाल्यावर गजाचा स्क्रू सैल करा आणि तारांवर, वाद्यावर पडलेली पूड मऊ फडक्याने पुसा.

आवाज आला तरी या किमतीचं वाद्य एकदा दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराला दाखवाच. घोडी, म्हणजे ब्रिज, बऱ्याचदा न तासताच बसवलेली असते आणि तारा फार उंच राहतात. फिंगरबोर्डच्या, म्हणजे ज्या पट्टीवर बोटं ठेवतो तिच्या, घोडीकडच्या टोकाशी पहिल्या (सर्वांत बारीक) तारेखाली साधारण साडेतीन मिलिमीटर आणि चौथीखाली (सर्वांत जाड) साडेपाच मिलिमीटर अंतर असावं. ते याहून बरंच जास्त असलं की बोटं दुखतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्यातच ताकद नाही. घोडी नीट तासून घेतली आणि तारा बऱ्यापैकी बसवल्या, तर साधं वाद्यही वर्षभर चांगली साथ देतं.

प्रश्न : तीन महिने झाले, आवाज कर्कशच येतो. घरचे दार लावून घेतात. बोटं बरोबर पडतात असं सर म्हणतात, मग चुकतंय कुठे? (सोलापूर)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण बहुतेक जण सोडून देतात ते याच टप्प्यावर. तुम्ही सोडू नका.

तार वाजते कशी ते आधी पाहू. राळ लावलेले केस तारेला पकडून सोबत ओढतात, ताण वाढला की तार सुटून मागे जाते, आणि केस तिला पुन्हा पकडतात. चौथी तार पांढरी पाचच्या (पाश्चात्त्य जी) सा मध्ये लावली असेल तर हे पकडणं-सुटणं सेकंदाला १९६ वेळा होतं. ते नियमित झालं की स्वर गोड लागतो, विस्कटलं की कर्कश. ते नियमित ठेवणं मुख्यतः गजाच्या हाती असतं, मोकळ्या तारेवर तर डाव्या हाताचा त्यात काही वाटा नसतो.

गजाच्या तीन गोष्टी आपल्या ताब्यात आहेत : वेग, वजन आणि जागा. जागा म्हणजे घोडी आणि फिंगरबोर्ड यांच्यामधला बिंदू, जिथे केस तारेला टेकतात. सुरुवातीला तो बरोबर मध्ये ठेवा. घोडीच्या जवळ गेलात तर जास्त वजन आणि कमी वेग लागतो, आणि ते नवख्या हाताला पेलत नाही.

आता तुमचा आवाज कर्कश म्हणजे नेमका कसा, ते ओळखा. चिरका, शिट्टीसारखा असेल तर वजन कमी आणि वेग जास्त पडतोय, किंवा गज तिरका जाऊन तारेवर घसरतोय. खरखरीत, दळल्यासारखा असेल तर वजन जास्त आणि वेग कमी. उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. म्हणून नुसतं ‘हलक्या हाताने वाजव’ या सल्ल्याने निम्म्या लोकांचा आवाज आणखी बिघडतो.

गजाचं वजन साधारण ६० ग्रॅम असतं, पण त्याचा भार मुठीकडे जास्त आहे. मुठीजवळ वाजवताना गज आपणहून तारेवर दबतो. टोकाकडे जाताना तर्जनीने थोडं थोडं वजन द्यावं लागतं, नाहीतर स्वर विरत जातो. हे वजन दंडाचं असावं, मनगट आवळून दाबलेलं नको. अंगठा आतून वाकलेला आणि करंगळी गोल करून काडीवर टेकलेली आहे ना, ते रोज तपासा. ती दोन बोटं ताठ झाली की सगळा हात ताठ होतो.

पुढचा महिनाभर रियाजाची पहिली दहा मिनिटं डाव्या हाताला सुट्टी द्या. तानपुरा लावा, आरशासमोर बसा आणि मोकळ्या तारेवर पूर्ण गज ओढा. मुठीपासून टोकापर्यंत आठ मात्रा, परत येताना आठ, मात्रा सेकंदाची. आरशात गज घोडीला समांतर दिसला पाहिजे. गज वळतो तिथे आवाजात धक्का बसत असेल तर वळण्याआधी वेग किंचित कमी करा. कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या वर्गात मी यातून कुणालाच सूट देत नाही, कारण ज्यांनी हे मनापासून केलं त्यांचा आवाज स्वच्छ होताना मी पाहिला आहे.

प्रश्न : फिंगरबोर्डवर खुणांच्या पट्ट्या चिकटवाव्यात का? मोबाइलच्या ट्यूनरवर स्वर बरोबर दिसतो, पण गुरुजी म्हणतात गंधार चढा आहे. कुणाचं खरं? (ठाणे)

गुरुजींचं.

ट्यूनर आणि हार्मोनियम दोन्ही सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप; सप्तकाचे १२०० सेंट धरले तर त्यांचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या षड्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो सुमारे ३८६ सेंटवर असतो. फरक १४ सेंटचा. व्हायोलिनच्या तारेवर तो जेमतेम दोन मिलिमीटर भरतो, आणि बोटाचं टोक तर सेंटिमीटरभर रुंद! म्हणून गुरुजी तुमचं बोट किंचित खुंट्यांच्या (तारा ताणायच्या लाकडी कळांच्या) बाजूला सरकवायला सांगत असतील. मोकळ्या तारा जुळवायला ट्यूनर जरूर वापरा, राग वाजवताना मात्र तानपुरा.

पट्ट्यांबद्दल : लहान मुलांना पहिले काही आठवडे चालतील. मोठ्यांना मी त्या लावू देत नाही, कारण डोळ्याला काम मिळालं की कान आळशी होतो. त्याऐवजी वाद्यालाच विचारा. सा-प-सा-प जुळणी असेल तर तिसऱ्या म्हणजे मंद्र पंचमाच्या तारेवर तिसऱ्या बोटाने सा वाजवा. तो अचूक लागला तर शेजारची मोकळी षड्जाची तार न छेडता थरथरते आणि आवाजाला गुंजन येतं. बोट जरा हललं की गुंजन बंद. अशा जागा प्रत्येक तारेवर आहेत, त्या शोधून काढा.

प्रश्न : पावसाळ्यात खुंट्या इतक्या घट्ट होतात की फिरत नाहीत. (रत्नागिरी)
प्रश्न : आमच्याकडे हिवाळ्यात खुंट्या निसटून तारा एकदम सैल पडतात. (न्यू जर्सी)

दोन्ही पत्रांचं कारण एकच, लाकूड. दमट हवेत ते फुगतं, हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत आकसतं. रत्नागिरीकरांनी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि खुंटी पकडीने फिरवू नये, ती मोडते. न्यू जर्सीकरांनी खोलीत किंवा पेटीत ओलावा राहील अशी सोय करावी आणि खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवावी. खुंट्यांना लावायचं खास मलम मिळतं, ते दोघांनाही उपयोगी.

तारा बदलताना एका वेळी एकच काढा. चारही एकदम काढल्या तर घोडी निघतेच, शिवाय आत नुसत्या दाबाने उभी असलेली लाकडी कांडी, साउंडपोस्ट, पडू शकते. ती पडली तर तारा चढवू नका, वाद्य तसंच कारागिराकडे न्या.

प्रश्न : रियाज रात्री दहानंतरच जमतो. शेजारी तक्रार करतात. (डोंबिवली)

घोडीवर बसवायचा जाड रबरी म्यूट घ्या. त्याने आवाज बराच खाली येतो. मात्र म्यूट लावून सगळा रियाज करू नका, कारण त्याखाली गजाच्या चुका झाकल्या जातात. रात्री म्यूट लावून पलटे (स्वरांच्या ठरावीक आवर्तनांचा सराव) आणि बोटांचं काम करा. मोकळ्या तारेची दहा मिनिटं सकाळी कामावर निघण्याआधी काढा, आणि त्या वेळी म्यूट काढलेला असू द्या.