काकूंकडे ११ मुलं आहेत, बाळाला ठेवू का?

प्रश्न : माझी मुलगी ८ महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात मला बँकेत रुजू व्हायचंय. सासूबाईंना गुडघ्यांमुळे गावाहून इथे येऊन राहणं जमत नाही. आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर एक काकू बरीच वर्षं पाळणाघर चालवतात. स्वभावाने प्रेमळ आहेत. सध्या त्यांच्याकडे ११ मुलं आहेत, मदतीला एक मावशी १० ते ४ असतात. हल्ली सीसीटीव्हीही बसवलाय. ‘घरच्यासारखं सांभाळते, काळजी करू नकोस,’ असं त्या म्हणतात, तरी माझी धाकधूक जात नाही. नेमकं काय बघू? आणि रोजच्या ओळखीतल्या माणसाला हे सगळं विचारायचं कसं?
– एक आई, कल्याण

उत्तर : तुझ्या वयाची माझी सून आहे, म्हणून अगं-तुगं करते. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी २६ वर्षं पाळणाघर चालवलं. त्यामुळे तुझी धाकधूकही कळते आणि काकूंची ओढाताणही.

काकूंच्या मायेबद्दल मला शंका नाही. मला काळजी आहे ती हातांची. मावशी ४ वाजता गेल्या की तुझी गाडी कल्याणला लागेपर्यंत ११ मुलांमागे एकच बाई. नेमकी तीच वेळ वाईट असते. शाळेतून आलेली मोठी मुलं दंगा करतात, लहानगी झोपेतून उठून आईच्या आठवणीने रडतात, कुणाला तरी शी होते. अशात दारावर सिलिंडरवाला आला, तर ती पाच मिनिटं तुझ्या बाळापाशी कोण असेल? काकूंना हा प्रश्न याच शब्दांत विचार.

पाच मिनिटं म्हणजे काय, ते मी बघितलंय. आमच्याकडे तेव्हा पाणी सकाळीच यायचं, म्हणून न्हाणीघरात बादल्या भरून ठेवायची सवय. एका दुपारी मी एकाला वरणभात भरवत होते, मदतीची बाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. १४ महिन्यांची एक मुलगी कधी आत गेली कळलंच नाही. बाहेर एकदम शांत झालं म्हणून मी उठले, तर ती बादलीत डोक्याकडून वाकलेली आणि पाय जमिनीवरून सुटलेले. आवाज म्हणून काही नव्हता. मूल वाचलं. संध्याकाळी तिच्या आईला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बादल्या पालथ्या, पाणी घट्ट झाकणाच्या पिंपात आणि न्हाणीघराच्या दाराला माझ्या डोक्याच्या उंचीवर कडी. पुढच्या दोन महिन्यांत ९ मुलांची मी ६ केली. इतकं लहान मूल बादलीच्या तळाच्या थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं, म्हणून काकूंकडे गेलीस की आधी न्हाणीघर बघ.

नियमांचं विचारशील, तर मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. तुझ्या बँकेत आधी तेही विचारून घे. काकूंचं पाळणाघर मात्र त्या तरतुदीत बसत नाही. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला नोंदणी करावी लागते. तिला एका वेळी ८ वर्षांखालची जास्तीत जास्त ६ मुलं घेता येतात आणि त्यात वर्षाच्या आतलं सहसा एकच. आपल्याकडे ही मोजदाद आईलाच करावी लागते. मला विचारशील तर एकट्या बाईकडे वर्षाच्या आतली दोनपेक्षा जास्त बाळं नकोत.

काकूंकडे दुपारी एकच्या सुमारास जा, झोपवायची वेळ असते. बाळ उताणं झोपवतात का ते बघ. मोहरीची उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी झोपेत जवळ नकोत. आजी रागावल्या तरी नकोत. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, गुटीतूनही नाही, कारण त्यातून बाळाला विषबाधा होऊ शकते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहानांच्या हाती लागत असतील तर ते काकूंना सांगच. मोठी मुलं खिशातून आणतात आणि प्रेमाने भरवतात! घास अडकला तर काय करायचं, हे काकू आणि मावशी दोघींना करून दाखवता आलं पाहिजे. येत नसेल तर दोघींना प्रथमोपचाराच्या वर्गाला पाठवा, खर्च सगळ्या पालकांनी मिळून करा. गॅलरीच्या ग्रिलजवळ स्टूल किंवा कुंडी आहे का, तेही बघ. मुलं त्यावर चढतात.

सीसीटीव्हीने फार निश्चिंत होऊ नकोस. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली, पण कॅमेऱ्याने ती थांबवली नाही. त्यापेक्षा न सांगता कधीही दार वाजवायची मुभा मागून घे. तिथे काकूंनी आढेवेढे घेतले तर बाळाला ठेवू नकोस.

आता, विचारायचं कसं? ‘काकू, पहिलंच बाळ आहे, मला सगळं विचारावंसं वाटतं,’ एवढं म्हणून सरळ सुरुवात कर. मला अशा आयांचा कधी राग आला नाही. राग यायचा तो फीसाठी घासाघीस करणाऱ्यांचा. काकूंनी ११ मुलं हौसेने घेतलेली नाहीत. कमी फीत मावशींचा पगार निघत नाही, म्हणून मुलं वाढत जातात. तेव्हा मावशींना ७ पर्यंत थांबवा म्हणताना जास्तीच्या पैशांचं तूच काढ आणि इतर आयांनाही बरोबर घे. तेवढं जमलं आणि काकूंनी नवी मुलं घेणं थांबवलं, तर मी म्हणेन ठेव. नाही जमलं तर दुसरं घर शोध, ओळख मोडली तरी चालेल.

रजेचे शेवटचे दहा दिवस बाळाला थोडं थोडं सोडून बघ, आधी अर्धा तास, मग दुपारपर्यंत. काकूंच्या फ्रिजवर एक कागद लाव : बाळाच्या डॉक्टरांचा नंबर, कुठलं औषध चालत नाही आणि बाळाला न्यायला कोणकोण येऊ शकतं त्यांची नावं. बँकेचा लँडलाइन नंबरही लिही, कामाच्या गर्दीत मोबाइल ऐकू येत नाही.