प्रबंधातील प्रकरणाचा लेख करताना

प्रश्न : निपाणी भागातील तंबाखू उत्पादकांना मिळणाऱ्या दरावरील माझ्या प्रबंधाचे एक प्रकरण अर्थशास्त्राच्या नियतकालिकाकडे जसेच्या तसे पाठवावे का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : तसे करू नये. प्रकरणात पूर्वसंशोधनाचा आढावा पाने अडवतो. लेखात मात्र आपला प्रश्न, आकडेवारीचा स्रोत आणि निष्कर्ष पहिल्या दोन पानांतच स्पष्ट व्हायला हवेत, आणि सीमाभागाबाहेरच्या वाचकाला निपाणीचाच बाजार का अभ्यासावा, हे तिथेच पटायला हवे. माझ्या मते लेखाचे खरे बळ यातच आहे. सारांशासोबत जेईएल (जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर) या अर्थशास्त्रातील विषयवार वर्गीकरणाचा संकेतांक द्यावा. शेतमाल बाजारासाठी तो क्यू१३ आहे. परीक्षण नाव गुप्त ठेवून होणार असेल, तर मार्गदर्शकांचे आभार आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमधले आपले नावही काढावे. एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे लेख मुळीच पाठवू नये.